परक्या गावी शिकताना : परदेशी विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर म्हणून काम करीत असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांच्या दृष्टीस एक प्रकार पडला. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून आतल्या मुलास काही देत होती. मुलांच्या वसतिगृहात मुलींना प्रवेश नव्हता. साहजिकच त्यांनी चौकशी केली. तेव्हा कळले की, मुलगा मॉरिशसहून शिकावयास आलेला आहे, त्यास कावीळ झाली आहे, आणि खानावळीचे जेवण चालत नसल्याने ती मुलगी त्याच्यासाठी पथ्याचे जेवण आणून देत आहे. ही हकीकत डॉ. मुजुमदार यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. आपल्या गावी शिकावयास आलेल्या परदेशी मुलांचे आजारपणात कोण, सणावारी कोण, हा प्रश्न त्यांच्या मनात त्यातूनच उभा राहिला आणि १९७१ साली ‘सिंबायोसिस’ ही संस्था स्थापन झाली. पुढे तिचा व्याप वाढून तिचे विद्यापीठ झाले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तथापि तिचा आरंभ शिकविण्यातून झाला नाही, तर एका आजारी मुलाच्या एकटेपणाची दखल घेण्यातून झाला, हे मात्र सहसा ध्यानात राहत नाही.

आज या कामाला ‘समुपदेशन’ असे नाव आहे व त्याचे एक शास्त्रही आहे. भारतातील उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ या वर्षाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांपैकी २८ टक्क्यांच्या आसपास एकट्या नेपाळमधील होते. त्याखालोखाल अफगाणिस्तान, अमेरिका, बांगला देश, संयुक्त अरब अमिराती व भूतान यांचा क्रम होता. महाराष्ट्र हे अशा विद्यार्थ्यांना आकर्षित करणाऱ्या प्रमुख राज्यांपैकी एक आहे आणि त्यातही पुणे शहराकडे त्यांचा ओढा मोठा आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या, आज सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठात त्यांच्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी येतात. त्यांच्या अडचणी पाहण्यासाठी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थी सल्लागार नेमण्याची पद्धतही बरीच जुनी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत त्यांच्या स्वागतासाठी व साहाय्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे म्हटले आहे.

हा प्रश्न केवळ पुण्या-मुंबईचा नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ग्रामीण परिसरातील संस्थांतही परदेशी विद्यार्थी शिकून गेले आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थ्याचा घरमालक, दुकानदार, डॉक्टर हे सारे आसपासच्या गावांतलेच असतात. ग्रामपंचायत सदस्यांनी हा विषय आपला नव्हे असे मानू नये, ते यासाठी.

मनाची ओढाताण

परमुलुखात गेलेल्या माणसाचे मन का बिघडते, याचा विचार नवा नाही. घरापासून दूर गेलेल्यांना जडणाऱ्या झुरणीला १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. तो त्यास चक्क एक रोग मानीत होता. विसाव्या शतकाच्या मध्यास कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने ‘कल्चर शॉक’ म्हणजे सांस्कृतिक धक्का ही कल्पना रूढ केली. आपल्या समाजात वावरताना माणूस शेकडो लहानसहान खुणांच्या आधारे चालत असतो. हो कसे म्हणावे, नाही कसे म्हणावे, मोठ्यांपुढे बसावे की उभे राहावे, दुकानदाराने सांगितलेली किंमत खरी मानावी की घासाघीस करावी, या गोष्टी त्यास कोणी शिकविलेल्या नसतात. परक्या मुलुखात या सर्व खुणा एकाएकी निरुपयोगी होतात. मान हलविण्याची आपली जी पद्धत आहे, तिचा अर्थ होकार की नकार हे न कळल्याने गोंधळून गेलेले विद्यार्थी कोणत्याही वसतिगृहात भेटतील. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण दिवसभर अशा पन्नास गोष्टी अंदाजाने कराव्या लागल्या की संध्याकाळी माणूस थकून जातो, आणि हा थकवा अभ्यासाचा नाही हे त्यालाही समजत नाही.

ओबर्गच्या मांडणीत आरंभीचे कौतुकाचे दिवस, मग चिडचिड व उदासी, नंतर हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे अशा पायऱ्या आहेत. अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांची पाहणी करून स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली असेच चित्र मांडले. सुरुवात बरी, सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ अवघड आणि पुढे पुन्हा बरे. ही वक्ररेषा पाठ्यपुस्तकांतून इतकी रुळली की, पहिल्या सहा महिन्यांत विद्यार्थ्याकडे फारसे पाहण्याची गरज नाही असा समज काही ठिकाणी झाला. हा समज घातक आहे. न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर पाठपुरावा करून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वाधिक त्रास अगदी आल्याआल्याच दिसून आला होता. प्रत्यक्ष अनुभवही यास दुजोरा देतो. विमानतळावरून वसतिगृहावर येणे, पहिली रात्र, पहिला आठवडा, मोबाईलचे सिमकार्ड, बँकेतील खाते, नोंदणी ही सारी कामे एकाच वेळी येऊन पडतात. व्हिसाची मुदत १८० दिवसांहून अधिक असेल तर आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. हे काम आता संगणकावरून होते हे खरे, पण त्यासाठी राहत्या जागेचा पुरावा लागतो आणि जागा मिळणे हीच पहिली अडचण असते.

जागेच्या बाबतीत स्पष्ट बोलले पाहिजे. आफ्रिकी देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना घर नाकारले जाते, किंवा त्यांच्याकडून अधिक भाडे घेतले जाते, अशा तक्रारी आपल्या शहरांतून वारंवार ऐकू येतात. रस्त्याने जाताना होणारी टवाळी, बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहणे, हे त्यांच्या रोजच्या अनुभवाचे भाग आहेत. अशा विद्यार्थ्यास ‘मन घट्ट कर’ असे सांगणे म्हणजे दोष त्याच्या पदरात टाकणे होय. येथे समुपदेशकाइतकेच काम घरमालकाचे, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांचे आणि पोलीस ठाण्याचे असते.

समुपदेशन म्हणजे काय, आणि काय नव्हे

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. शब्दातच ‘उपदेश’ असल्याने आपल्याकडे हा गैरसमज सहज होतो. प्रशिक्षित समुपदेशक ऐकतो, प्रश्न विचारतो, विद्यार्थ्याला स्वतःची स्थिती स्वतःच्या शब्दांत मांडण्यास मदत करतो आणि मग त्याच्यासह पुढील पावले ठरवितो. गरज वाटल्यास तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितो. समुपदेशक औषध देत नाही.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत यात तीन-चार गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे, तो मनाची तक्रार घेऊन क्वचितच येतो. डोके दुखते, पोट बिघडले आहे, झोप लागत नाही, येथील पाणी मानवत नाही, असे तो सांगतो. अनेक समाजांत मनाचे दुःख शरीराच्या भाषेतच बोलले जाते. आपल्याकडेही ‘जीव घाबरतो’, ‘छातीत भरून येते’ असे म्हणतात ते याच अर्थाने. म्हणून विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर हा या व्यवस्थेचा खरा दरवाजा होय. तपासणीत काही न निघता तोच विद्यार्थी तिसऱ्यांदा आला, तर गोळ्या बदलून देण्याऐवजी ‘घरी सर्व ठीक आहे ना, जेवायला बरोबर कोण असते’ एवढे विचारावे.

दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजीत परीक्षा देता येणे निराळे आणि इंग्रजीत रडता येणे निराळे. मातृभाषेत बोलणारा समुपदेशक मिळणे बहुधा अशक्य असते. अशा वेळी त्याच देशाच्या एखाद्या विद्यार्थ्याला दुभाषा म्हणून बसविण्याचा मोह होतो. तो टाळावा. चारपाचशे मैलांवरच्या दोन गावांतील माणसे पुण्यात एकाच मजल्यावर राहत असतात, आणि एकाने बोललेले दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते. कधी ते देशातील घरापर्यंतही पोचते. यादवी युद्ध चालू असलेल्या देशातील विद्यार्थी तर परस्परांच्या गटातटांविषयी सावध असतात. सोप्या इंग्रजीत, सावकाश, छोटी वाक्ये वापरून झालेले संभाषण अशा दुभाष्यापेक्षा पुष्कळ बरे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे व तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. परदेशी विद्यार्थ्याच्या मनात विद्यापीठाचे कार्यालय, नोंदणी कार्यालय, पोलीस आणि आपल्या देशाचा दूतावास ही एकाच यंत्रणेची चार दारे असतात. या समजुतीत थोडे तथ्यही आहे. २०२५ च्या ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स’ कायद्यानुसार शिक्षणसंस्थांना आणि निवासाची सोय करणाऱ्यांना परदेशी व्यक्तींची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी लागते. त्यापूर्वीच्या नियमांतही अशी तरतूद होती. साहजिकच त्याला भीती वाटते की, आपण उदास आहोत असे सांगितले तर ते कागदावर जाईल, शिष्यवृत्ती बंद होईल आणि परत पाठविले जाईल. यामुळे ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच दाराबाहेर राहतो.

यावर उपाय एकच. जो अधिकारी व्हिसा, हजेरी व शुल्क पाहतो, त्याच्याकडे समुपदेशनाचे काम देऊ नये. टेबले वेगळी असावीत, नोंदी वेगळ्या कपाटात असाव्यात, आणि हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शब्दांत सांगावे. मानसिक आजाराच्या उपचारासंबंधीची माहिती गोपनीय ठेवणे हे उपचार करणाऱ्यांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक केले आहे. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश यांसारखे मोजके अपवाद आहेत, तेही लपवून न ठेवता सांगितले पाहिजेत. गुप्ततेचे खोटे आश्वासन देऊन पुढे ते मोडणे यासारखे नुकसान नाही. याच कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला भरू नये, असेही म्हटले आहे. कित्येक परदेशी विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसते आणि त्या भीतीपायी ते रुग्णालयात जाण्याचे टाळतात.

आधी काम, मग बोलणे

समुपदेशनाच्या पुस्तकांत लिहिलेले असो वा नसो, परदेशी विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा व्यवहाराचा असतो. समजा, एखाद्या देशात एकाएकी लढाई पेटली, तेथील बँका बंद पडल्या आणि येथे शिकणाऱ्या मुलाचे पैसे येणे थांबले. विद्यार्थी व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही. खानावळीचे बिल थकले आहे, परीक्षा शुल्काची मुदत जवळ आली आहे, आणि घरचा फोन लागत नाही. अशा मुलाला श्वसनाचे व्यायाम शिकवून काय होणार? आधी शुल्कास मुदतवाढ मिळवून द्यावी, खानावळीच्या चालकाशी बोलावे, व्हिसाच्या मुदतीची चौकशी करावी. तेवढे झाले की तो बसून बोलू लागतो.

ही केवळ कल्पना नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा पुण्यात अनेक अफगाण विद्यार्थी शिकत होते आणि सुटीसाठी मायदेशी गेलेल्या कित्येकांचा परतीचा मार्ग बंद झाला. येथे असलेल्यांना घरच्यांची काळजी आणि तेथे अडकलेल्यांना वर्ष बुडण्याची काळजी, अशी दुहेरी अवस्था झाली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई सुरू झाली, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांवर असाच प्रसंग आला. अशा वेळी संस्थेने विद्यार्थी येण्याची वाट न पाहता स्वतः त्याच्याकडे जावयास हवे. त्या देशाच्या विद्यार्थ्यांची यादी काढून प्रत्येकास त्याच दिवशी कोणीतरी भेटावे. हे काम समुपदेशकच करील असे नाही. वसतिगृहाचा रेक्टर, विभागातील शिक्षक, ग्रंथपाल कोणीही करू शकतो.

शिक्षकांना येथे एक सांगावेसे वाटते. आपला विद्यार्थी जगण्याला कंटाळल्यासारखे बोलत असेल, सामान वाटून टाकत असेल, किंवा पूर्वी नियमित येणारा एकाएकी दिसेनासा झाला असेल, तर ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, आणि समुपदेशक किंवा डॉक्टर येईपर्यंत बरोबर राहावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. ती भारतीय भाषांत व इंग्रजीत चालते, त्यामुळे इंग्रजी जाणणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही तिचा उपयोग होतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आय-कॉल’ सेवा दूरध्वनीबरोबरच ई-मेलनेही समुपदेशन करते. बोलण्यापेक्षा लिहिणे ज्यांना सोपे जाते, त्यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे असे पद नाही’ हे उत्तर यापुढे पुरेसे ठरू नये.

मैत्रीचे तीन धागे

स्टीफन बॉख्नर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, अशा विद्यार्थ्याची मैत्री तीन वर्तुळांत विभागलेली असते. देशबांधवांत तो आपली भाषा बोलतो, आपले पदार्थ खातो, म्हणजे मूळ धरून राहतो. यजमान देशातील मित्र त्याला अभ्यासाची व व्यवहाराची वाट दाखवितात. आणि इतर देशांतील परदेशी विद्यार्थ्यांबरोबर तो मोकळा वेळ घालवितो. आपल्याकडे यातला मधला धागा कच्चा राहतो. विद्यापीठांत वर्षातून एकदा ‘आंतरराष्ट्रीय दिन’ साजरा होतो, परदेशी विद्यार्थी आपापल्या वेषात मंचावर येतात, टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात. त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकासाठी गट पाडताना तोच विद्यार्थी एकटा उरतो. शिक्षकाने गट स्वतः पाडून दिले, तर या एका लहानशा गोष्टीने जेवढे साधते तेवढे समारंभाने साधत नाही. आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास वरच्या वर्गातील एक स्थानिक सोबती जोडून देण्याची पद्धतही उपयोगी ठरते. मात्र सोबत्याला थोडे प्रशिक्षण हवे आणि आपण समुपदेशक नाही याची जाणीवही हवी.

महाराष्ट्राला हा धागा अपरिचित नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यू यॉर्कच्या बंदरात त्यांना उतरवून घेण्यास न्यू जर्सीतील थिओडिसिया कार्पेंटर या बाई आल्या होत्या. पत्रव्यवहारावाचून त्यांची पूर्वीची ओळख नव्हती. त्यांनी आनंदीबाईंना प्रथम आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनीही त्यांच्याकडे लक्ष पुरविले. थंडी, आहाराचे निर्बंध आणि आजारपण यांनी आनंदीबाईंना ग्रासले, हे खरेच. पण १८८६ साली त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्यात या मावशीचा वाटा मोठा होता. आपल्या गावात शिकणाऱ्या परदेशी मुलीला दिवाळीत फराळाला बोलावणारे एक घर मिळाले, तर ती काय समजेल याचा अंदाज यावरून करता येईल. बोलावताना ती काय खाते, काय खात नाही, एवढे मात्र आधी विचारावे.

परत जाण्याचा प्रश्न

समुपदेशनाचा विचार करताना येण्याकडे सर्वांचे लक्ष असते, जाण्याकडे नसते. जॉन व जीन गलहॉर्न यांनी १९६३ सालीच दाखवून दिले की, परदेशात रुळलेला माणूस मायदेशी परतला म्हणजे पुन्हा एकदा अवघड काळातून जातो. तीन-चार वर्षांत तो बदललेला असतो आणि घरही बदललेले असते.

काहींच्या बाबतीत तर घर उरलेलेच नसते. डिसेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानात स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद करण्यात आली. पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या अफगाण मुलीला निकालाचा दिवस आनंदाचा नसतो, कारण शिक्षण संपले की व्हिसाची मुदत संपते, आणि ज्या देशात परतावयाचे तेथे तिच्या पदवीला जागा नाही. समुपदेशक हा प्रश्न सोडवू शकत नाही. पण पुढील अभ्यासक्रमासाठी अर्ज, शिष्यवृत्तीची मुदतवाढ, तिसऱ्या देशातील विद्यापीठांशी पत्रव्यवहार, लागणारी प्रमाणपत्रे व त्यांच्या साक्षांकित प्रती, ही कामे मुदत असतानाच सुरू व्हावयास हवीत. त्यासाठी मार्गदर्शकाने तिच्याशी हा विषय शेवटच्या सत्रात नव्हे, तर त्याच्या दोन सत्रे आधी काढला पाहिजे.